बालीतली जमीन मित्राच्या नावावर घ्यावी का?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी चाळिशीत आहोत. गेली काही वर्षे ओळखीच्या लोकांचे छोटे गट बालीला नेतो. आता नोकऱ्या सोडून तिथेच राहायचे आणि उबुडजवळ चार खोल्यांचा होमस्टे काढायचा, असे ठरवले आहे. तिथल्या एका मित्राने भातशेतीला लागून असलेली जागा दाखवली. परदेशी माणसाला तिथे जमीन घेता येत नाही म्हणून खरेदी त्याच्या नावावर करायची आणि आमच्यासाठी वेगळे कर्जपत्र, रद्द न होणारे कुलमुखत्यारपत्र आणि 'पैसे यांचे, मालक हेच' असा कबुलीजबाब करून घ्यायचा, असे तो सुचवतो. नोटरी त्याच्याच ओळखीचा आहे. मागच्या खेपेला त्याला सुमारे चार लाख रुपये इसार दिला, काही ट्रॅव्हल कार्डातून काढून, काही रोख. उरलेल्या रकमेसाठी राहत्या फ्लॅटवर कर्ज काढणार आहोत. सुरुवातीला टुरिस्ट व्हिसावर जाऊन कामाला लागू. तो महिनाअखेरपर्यंत कागद करा म्हणतो. सही करावी का?

उत्तर : करू नका. मुदत वाढवून मिळाली तरी याच कागदांवर करू नका. मित्राच्या सचोटीबद्दल मी काहीच म्हणत नाही, तो देवमाणूस असेल. अडचण त्या कागदांतच आहे.

इंडोनेशियाचा जमिनीचा मूळ कायदा 1960 सालचा, क्रमांक 5. त्याच्या कलम 21 प्रमाणे 'हक मिलिक', म्हणजे आपण ज्याला पूर्ण मालकी म्हणतो ती, नैसर्गिक व्यक्तींमध्ये फक्त इंडोनेशियन नागरिकालाच मिळते. हे तुम्हाला मित्राने सांगितलेच आहे. त्याने न सांगितलेले (कदाचित त्यालाही माहीत नसलेले) आहे ते कलम 26 च्या दुसऱ्या पोटकलमात. मालकी प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे परदेशी माणसाकडे जावी या हेतूने केलेला कोणताही व्यवहार आपोआप रद्दबातल, जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. 'अप्रत्यक्षपणे' हा शब्द नेमका तुमच्यासारख्या व्यवस्थेसाठी घातलेला आहे. म्हणजे उद्या वाद झाला आणि तुम्ही कोर्टात तो कबुलीजबाब काढून दाखवलात, तर तुमचा हक्क सिद्ध होणार नाही. बंदी चुकवण्यासाठीच हा सगळा खटाटोप केला होता, एवढेच सिद्ध होईल, तेही तुमच्याच पुराव्याने.

बाकीच्या कागदांचीही तीच गत. तिथल्या दिवाणी संहितेत कराराचे कारण कायदेशीर असावे लागते. ते नसेल तर करार उभाच राहत नाही. प्रत्यक्षात न घेतलेल्या कर्जाचे कर्जपत्र त्यात बसते. जमीन हस्तांतरित करण्यासाठी रद्द न होणारे कुलमुखत्यारपत्र देण्याला तिथल्या गृहमंत्रालयाने 1982 पासून मनाई केली आहे. आणि समजा मित्र शब्दाला जागला, तरी तो अमर नाही. त्याच्या मागे त्याचे वारस आहेत, त्याच्यावर उद्या कर्ज असू शकते, घटस्फोट होऊ शकतो. जमीन कागदोपत्री त्याची, म्हणून या सगळ्यांचा तिच्यावर हक्क आधी पोचतो.

नोटरीबद्दल थोडे. आपल्याकडे कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्का मारून देणारे नोटरी पाहून आपला त्या पदाविषयी एक समज झालेला असतो. इंडोनेशियात नोटरी हा कायद्याचे उच्चशिक्षण घेतलेला, सरकारने नेमलेला अधिकारी असतो आणि जमिनीचे खरेदीखत करणारा अधिकारी वेगळ्या नेमणुकीचा असतो, त्याला 'पेपेआते' म्हणतात. पण नोटरी दोन्ही पक्षांचा असतो, तुमचा वकील नव्हे. 'नोटरीसमोर केले आहे' याचा अर्थ 'कायद्यात बसते' असा होत नाही. तुमचा स्वतःचा, मित्राने न सुचवलेला वकील तिथे हवाच. शिवाय करार इंडोनेशियन भाषेत असणे 2009 च्या कायदा क्रमांक 24 प्रमाणे आवश्यक आहे. सोबत इंग्रजी प्रत चालते. पण फक्त इंग्रजीत केलेला एक मोठा कर्जकरार 2013 मध्ये जकार्तातल्या न्यायालयाने याच कारणावरून रद्द ठरवला होता आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला.

आता जमीन क्षणभर बाजूला ठेवा. तुमच्या बेतातली खरी खोच मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. तुम्हाला छोटा व्यवसाय करायचा आहे आणि परदेशी माणसाला तिथे नेमका छोटा व्यवसायच करता येत नाही. 2007 च्या गुंतवणूक कायद्याप्रमाणे परदेशी गुंतवणूकदाराने मर्यादित दायित्वाची कंपनी काढली पाहिजे. तिला 'पेते पेएमआ' म्हणतात. अशा कंपनीने मोठ्या उद्योगाच्या वर्गातच काम करायचे, म्हणजे जमीन आणि इमारत धरल्याशिवाय 10 अब्ज रुपियांहून अधिक गुंतवणुकीचा आराखडा दाखवायचा, असा 2021 च्या अध्यक्षीय नियमाचा दंडक आहे. रुपिया म्हणजे आपला रुपया नव्हे. ही रक्कम आजच्या दराने साधारण पाच ते साडेपाच कोटी रुपये होते. भरणा झालेले भागभांडवल पूर्वी तेवढेच लागे. 2025 च्या ऑक्टोबरपासून ते अडीच अब्जांवर, म्हणजे सव्वा ते दीड कोटी रुपयांच्या दरम्यान आले. एजंट लोक हा दुसराच आकडा सांगतात आणि पहिला गिळतात. आराखड्यातली दहा अब्जांची अट गेलेली नाही.

घरगुती होमस्टे, ज्याला तिथे 'पोंडोक विसाता' म्हणतात, तो स्थानिकांसाठीच राखलेला आहे. व्हिलाचा परवाना परदेशी कंपनीला मिळतो, पण मग वरचे आकडे लागू होतात. परवानाही मित्राच्या नावावर घेऊ, कंपनीचे शेअरही त्याच्याच नावावर ठेवू, असे पुढचे पाऊल कोणी सुचवेल. त्या गुंतवणूक कायद्याच्या कलम 33 ने असे दुसऱ्यासाठी शेअर धरण्याचे करारही रद्दबातल ठरवले आहेत.

टुरिस्ट व्हिसाच्या बाबतीत मी अजिबात सैल बोलणार नाही. पाहुण्यांचे स्वागत, खोल्यांची व्यवस्था, बुकिंग सांभाळणे हे सगळे काम आहे. पगार घेत नाही, स्वतःच्याच घरात करतो, या सबबी चालत नाहीत. 2011 च्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम 122 मध्ये मुक्कामाच्या परवान्याचा गैरवापर केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि 50 कोटी रुपियांपर्यंत दंड आहे. प्रत्यक्षात बहुतेकांची हकालपट्टी होते आणि पुन्हा प्रवेश बंद होतो. सगळी पुंजी तिथे अडकलेल्या माणसाला तीही शिक्षा पुरेशी आहे.

इथली बाजू. तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भारतात राहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. दोघांची मिळून पाच लाख डॉलर. परदेशातल्या कंपनीत पैसे घालणे असो की पाच वर्षांहून लांब मुदतीचा भाडेपट्टा घेणे असो, दोन्ही 2022 च्या परदेशी गुंतवणूक नियमांखाली येतात आणि दोन्हींसाठी पैसा बँकेतूनच, खरा हेतू लिहूनच गेला पाहिजे. कंपनीसाठी फॉर्म एफसी भरून पैसे पाठवण्याआधी ओळख क्रमांक मिळवावा लागतो आणि पुढे दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत कंपनीच्या कामकाजाचा अहवाल द्यावा लागतो. मित्राच्या नावावरच्या जमिनीसाठी बँकेला तुम्ही कोणता हेतू लिहून देणार होता? 'मित्राला भेट' लिहिलेत तर ते खोटे आणि 'जमीन खरेदी' लिहिलेत तर खरेदीखतावर तुमचे नाव नाही.

दिलेल्या इसाराचे हेच दुखणे आहे. ट्रॅव्हल कार्डातले परकीय चलन प्रवासासाठी म्हणून घेतले होते. जाहीर केलेल्या हेतूखेरीज दुसरीकडे ते वापरणे हे फेमाच्या, म्हणजे आपल्या परकीय चलन कायद्याच्या, कलम 10(6) खाली उल्लंघन आहे आणि कलम 13 प्रमाणे रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. घाबरून जाण्याचे कारण नाही, रक्कम लहान आहे आणि रिझर्व्ह बँकेकडे अर्ज करून तडजोडीने, म्हणजे कंपाउंडिंगने, असे उल्लंघन मिटवता येते. कार्डाची स्टेटमेंट आणि मित्राशी झालेले संदेश जपून ठेवा, काहीही डिलीट करू नका आणि यापुढे एक पैसाही या वाटेने देऊ नका. उरलेली रक्कम 'तिकडच्या तिकडे मिळेल' असे सांगणारा कोणी भेटला तर ती हवाला आहे.

फ्लॅटवर कर्ज काढण्याचा बेतही सोडावा लागेल. एलआरएसखाली भांडवली स्वरूपाची रक्कम बाहेर पाठवण्यासाठी बँकेने कर्ज द्यायचे नाही, असे रिझर्व्ह बँकेचे स्पष्ट निर्देश आहेत. दुसरे कारण दाखवून कर्ज उचलून ते पाठवणे म्हणजे बँकेपाशीही खोटे बोलणे. पैसे स्वतःचेच हवेत. त्यात टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ कापते त्या कराचा, हिशेब धरा : आर्थिक वर्षात माणशी 10 लाख रुपयांपुढच्या अशा रकमेवर बँक 20 टक्के कापून घेते. एकाने 60 लाख पाठवले तर 10 लाख टीसीएस. तो विवरणपत्रात वजा होतो किंवा परत मिळतो, पण मधले काही महिने ते पैसे हाताशी नसतात. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ताही भरावा लागेल. तो टाळल्यास काळा पैसा कायद्याखाली दंड 10 लाखांचा आहे.

आणखी एक गोष्ट क्रमाची. व्यवसायासाठी, परतण्याची मुदत न ठरवता तुम्ही देश सोडलात की फेमाच्या दृष्टीने त्या दिवसापासून अनिवासी होता. प्राप्तिकरासाठी निवासी कोण हे ठरवताना मोजतात ते 182 दिवस वेगळे, त्यांचा इथे संबंध नाही. अनिवासी झाल्यावर एलआरएस बंद होते, बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासींची रुपयांतली खाती, करून घ्यावी लागतात आणि पैसे बाहेर नेण्याची वाट बदलते. वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत, करविषयक प्रमाणपत्रांसह. ही मर्यादा मोठी आहे, म्हणून फ्लॅट विकून जायचे असेल तर ती सोयीचीच ठरू शकते. मात्र आधी पैसे की आधी प्रस्थान, हे सीएकडे बसून ठरवा, विमानाच्या तिकिटाच्या दरावरून नको.

मग करावे काय? ऐपत असेल तर कंपनीचा मार्ग स्वच्छ आहे. अशा कंपनीला किमान दोन भागधारक लागतात, ते तुम्ही दोघे झालात. कंपनी इंडोनेशियन कायद्याने स्थापन झालेली असल्यामुळे तिला 'हक गुना बांगुनान' हा इमारतीचा हक्क 30 वर्षांसाठी मिळू शकतो, पुढे 20 वर्षांची मुदतवाढ आणि 30 वर्षांचे नूतनीकरण. किंवा कंपनीच्या नावे दीर्घ भाडेपट्टा घ्या. पट्ट्यात मुदतवाढीचा दर कसा ठरणार ते आत्ताच लिहून घ्या. 'तेव्हाच्या बाजारभावाने' एवढेच लिहिले असेल तर ती मुदतवाढ नाही, नव्याने घासाघीस आहे. मूळ मालकाच्या जोडीदाराची लेखी संमती, जमिनीवर तारण आहे का याची भूमी कार्यालयातली नोंद आणि भाड्यावरचा 10 टक्के अंतिम कर कोण भरणार, हेही पाहा.

आणि ही विशिष्ट जागा? भातशेतीला लागून असलेल्या जागेचे देखणेपणच तिच्या मुळावर येऊ शकते. शेतीसाठी राखलेल्या हरित पट्ट्यात पाहुण्यांसाठी बांधकामाची परवानगी मिळत नाही. झोन दाखल्याची प्रत पाहिल्याशिवाय भाडेपट्ट्याचीही बोलणी नको. 2025 च्या जुलैमध्ये बालीतल्या बिंगिन किनाऱ्यावर सरकारी जमिनीवरची 48 बांधकामे पाडायला सुरुवात झाली. त्यांतली अनेक वर्षानुवर्षे उघड चालू होती. 'इथे सगळे असेच करतात' याला तिथेही पुराव्याचे मोल नाही.

पाच कोटींचा आराखडा तुमच्या आवाक्यात नसेल, आणि पत्रावरून तो नसावा असे वाटते, तर माझे मत वेगळे आहे. तुमच्याकडे जमीन नाही, पण तुमच्यावर विश्वास ठेवून येणारे पाहुणे आहेत आणि त्यांच्यासाठी तुम्हाला देश सोडावा लागत नाही. इथेच सहलींचा व्यवसाय नोंदवा, मित्राने स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या परवान्यावर होमस्टे चालवावा आणि तुम्ही त्याच्याशी वर्षभराच्या खोल्यांचा दर ठरवून सरळ करार करा. पैसे व्यवसायाच्या खात्यातून, सेवेचे बिल म्हणून जातील. गटाबरोबर गेलात तरी पर्यटकांना माहिती सांगत फिरवण्याचे काम तिथल्या परवानाधारक गाइडलाच करू द्या.

मित्राला आजच लेखी कळवा, संदेश चालेल : तुझ्या नावावर जमीन घ्यायचा बेत आम्ही रद्द केला आहे, दिलेली रक्कम परत कर किंवा पुढच्या गटांच्या खोल्यांच्या भाड्यात वळती कर. वळती करायला तो तयार झाला तर तसा कागद करण्याआधी तुमच्या बँकेला आणि सीएला दाखवा, कारण ट्रॅव्हल कार्डाचा खुलासा देताना तोच कागद जोडावा लागेल.