मंगल कार्यालयाचा मॅनेजर म्हणजे कोऑर्डिनेटर नव्हे

‘मंगल कार्यालयात मॅनेजर आहे, मग लग्नाला वेगळा कोऑर्डिनेटर कशाला?’ असं तुम्ही विचारलंत. अहो, तो मॅनेजर वास्तूचा. खोल्यांच्या किल्ल्या, जनरेटर, पाणी, हॉल कधी रिकामा करायचा, एवढं त्याचं. मामा नवरीला घेऊन अंतरपाटापाशी वेळेत पोचला का, हे तो बघणार नाही, आणि ते त्याचं कामही नाही.

वेडिंग प्लॅनर कित्येक महिने आधीपासून बजेट, डेकोरेटर, फोटोग्राफर बघतो. ‘डे कोऑर्डिनेटर’ मात्र तुम्हीच ठरवलेलं त्या दिवशी पार पाडतो. तरी दोन-तीन आठवडे आधी त्याने सगळ्यांशी बोलून घ्यायला हवं. कोटेशनमध्ये तसं लिहून घ्या. आदल्या संध्याकाळचं सीमांतपूजन त्यात धरलंय का, तेही विचारा. बहुतेक वेळा वाद तिथेच होतो.

खरी ओढाताण मंगलाष्टकं संपल्यावर. गुरुजींना लाजाहोम, सप्तपदी नीट करायची असते, फोटोग्राफरला ‘परत एकदा’ हवं असतं, आणि केटररचा सुपरवायझर पंगत बसवायच्या घाईत. या तिघांना ‘जरा थांबा’ कोण म्हणणार, ते आधीच ठरवून तिघांनाही सांगून ठेवा.

ताटांचा हिशेब मात्र बाहेरच्यावर सोडू नका. घरातला एक खमका काका नेमा. पंगत उठली की आकडा लिहून सुपरवायझरची सही घेणारा. दक्षिणेची पाकिटंही त्याच्याकडेच द्या. आणि सगळ्यांना तुमचा नव्हे, त्याचा नंबर द्या.