बादलीतला हर्मिट क्रॅब पुण्याला न्यायचा का?

ताई, सुट्टीत मुलाने पकडून बादलीत ठेवलेला हर्मिट क्रॅब, म्हणजे शंखात राहणारा खेकडा, घरी न्यायचा का विचारलंत, तर नका नेऊ. तुम्ही यूट्यूबवर बघून काचेची टाकी, ओली वाळू वगैरे तयारी करताय ना, ती सगळी जमिनीवर राहणाऱ्या जातींसाठी असते, कोएनोबिटा म्हणतात त्यांना, आपल्याकडे अंदमान-लक्षद्वीपला भरपूर दिसतात. गुहागरला खडकातल्या डबक्यात मुलाला सापडला तो समुद्री आहे, त्याला खारं पाणीच लागतं आणि त्या ओल्या वाळूत तो काही टिकायचा नाही. नळाचं पाणी तर अजिबात घालू नका.

आता शंखाचं. तो शंख त्याचा नाही हो, मेलेल्या समुद्री गोगलगायीचा आहे. ह्याचं पुढचं अंग कुर्लीसारखं टणक, पण मागचं पोट मऊ नि पिळदार, ते शंखाच्या वळणात बसतं आणि शेवटच्या आखूड पायांनी तो आतून घट्ट धरून ठेवतो. म्हणून ओढून काढायला जाऊ नका, तुटेल पण सोडणार नाही. अंग वाढतं, शंख काही वाढत नाही, त्यामुळे ह्याची निम्मी जिंदगी घर शोधण्यातच जाते. मोठा शंख मिळाला की आधी नांगीने चाचपतो, आत किती जागा आहे बघतो, मगच पटकन उडी. जमिनीवरचे तर कधीकधी मापाप्रमाणे रांग लावतात, सगळ्यात मोठा नव्या शंखात गेला की त्याच्या जुन्यात दुसरा, दुसऱ्याच्यात तिसरा, चाळीतली एक खोली रिकामी झाली की कसं होतं तसंच! आणि भांडणंही होतात, काही जाती दुसऱ्याच्या शंखावर आपला शंख आपटत राहतात, आतला वैतागून बाहेर येईपर्यंत.

रंगीत शंख दुकानातून आणू का विचारलंत, तर नको, तो रंग निघून पोटात जातो. त्यापेक्षा मुलीने पिशवीभर गोळा केलेले साधे शंख तिथेच परत टाका, किनाऱ्यावर शंख कमी पडले की हे प्लॅस्टिकच्या बुचांत घुसतात, 2024 च्या एका अभ्यासात नेटवरचे फोटो तपासून कचऱ्यात घर केलेले 386 जमिनीवरचे हर्मिट क्रॅब मोजले होते आणि त्यातले बहुतेक प्लॅस्टिकच्या वस्तूंत, मुख्यतः बुचांत.

तो अर्धा बाहेर लोंबतोय म्हणालात त्याचंच मला टेन्शन आलंय, बादलीतलं पाणी गरम झालं किंवा त्यातला ऑक्सिजन संपला की असं करतात. उद्या दुपारपर्यंत तिथेच आहात ना, तर सकाळची वाट बघू नका. आत्ताच बादली सावलीत घ्या, समुद्राचं ताजं पाणी भरा, नि ओहोटी बघून ज्या डबक्यातून काढला तिथेच शंखाचं तोंड खाली करून ठेवा, वरून फेकू नका. मुलाला बघायचं असेल तर दोन मिनिटं गप्प बसायला सांगा, आधी डोळे बाहेर येतील, मग पाय.