कोर्टाने साफसफाईचा आदेश देऊनही कंपनीने तो पाळला नाही, तर खरंच कोणी तुरुंगात जातं का?

जातं, पण क्वचित. स्वरूपसिंह नाईक आठवतात? महाराष्ट्राचे वनमंत्री असताना सॉ मिलबाबतचा सुप्रीम कोर्टाचा आदेश डावलला, म्हणून 2006 मध्ये त्यांना आणि खात्याच्या प्रधान सचिवांना एक महिना साधी कैद झाली.

आमचं गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यात. 2012 ला मायनिंग बंद पडलं त्याआधीची गोष्ट. दर पावसात वरच्या डंपाची, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगाची, लाल माती ओहळातून येऊन शेतात बसायची. वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं भातपीक, तर सोडूनच दिलं होतं. आम्ही काही कुळं मिळून हायकोर्टात गेलो. आदेश मिळाला: कंपनीने ओहळातला गाळ उपसावा. कंपनी ढिम्म. वर प्रतिज्ञापत्र, 'काम प्रगतिपथावर आहे', आणि फोटो भलत्याच ओहळाचा! त्यात गुरं पाणी पिताना दिसत होती. आमच्या ओहळाला गुरं तोंड लावत नव्हती.

चवथीला भावोजी आले. त्यांचे दोन ट्रक मायनिंगवर. पानावर बसून म्हणाले, "कंटेम्प्टचा, कोर्टाच्या अवमानाचा, अर्ज करून काय मिळवणार? दोन हजार भरतील नि सुटतील." आकडा बरोबर आहे. 1971 च्या न्यायालय अवमान कायद्यात जास्तीत जास्त सहा महिने साधी कैद किंवा दोन हजार दंड, किंवा दोन्ही. मनापासून माफी मागितली असं कोर्टाला वाटलं, तर तेही माफ. पण कंपनीला कोठडीत घालता येत नाही, तिच्या माणसाला येतं, हे भावोजींच्या ध्यानात आलं नाही. आम्ही अर्ज केलाच. मॅनेजरने जातीने हजर राहावं असं कोर्टाने म्हटलं मात्र, तारखेआधीच जेसीबी ओहळात उतरले. रात्रीसुद्धा लाइट लावून काम. एरवी गाडीची काच खाली न करणारा तो मॅनेजर आमच्या पडवीत बसून चहा प्याला.

तेव्हा तुमचा आदेश आधी नीट वाचा. कोणी, काय, कधीपर्यंत करायचं हे त्यात स्पष्ट नसेल, तर मुद्दाम मोडला हे सिद्ध करताना दमछाक होते. अर्ज वर्षाच्या आत करा. आणि हो, अवमानाच्या अर्जात पिकाची भरपाई मिळेल असं धरून चालू नका, तिच्यासाठी वेगळं भांडावं लागतं. आदेश हरित लवादाचा असेल तर वाटही वेगळी, ती वकिलालाच विचारा.

भावोजी अजून म्हणतात, गाळ कंपनी तसाही उपसणारच होती. मग दोन पावसाळे कोणाच्या मुहूर्तासाठी थांबली होती, ते त्यांनी एकदा सांगावं.