चार अक्षरांच्या आधी आपले काम पाहा

प्रिय,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. सहा महिन्यांपूर्वी दिलेल्या व्यक्तिमत्त्व चाचणीत तुला ‘आयएनएफपी’ अशी चार अक्षरे मिळाली होती, परवा तीच चाचणी पुन्हा दिलीस तर ‘आयएनटीजे’ आली, आणि या दोघींपैकी खरी मी कोणती, असे तू विचारले आहेस. त्यातच ज्या कंपनीत अर्ज केला आहेस तिने मुलाखतीच्या आधी अशीच एक प्रश्नावली भरायला पाठवली आहे. तिथे खरी उत्तरे द्यावीत की त्यांना हवी असतील ती, हा तुझा दुसरा प्रश्न. तिसरी गोष्ट तू प्रश्न म्हणून लिहिलेलीच नाहीस, जाता जाता सांगितली आहेस: सध्याच्या कामावर तुला गटप्रमुखाची जबाबदारी देऊ केली आहे, पण आपला प्रकार अंतर्मुखाचा असल्यामुळे तू ती नाकारणार आहेस. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी देईनच, पण एवढे सविस्तर लिहायला बसले आहे ते या तिसऱ्या गोष्टीमुळे. ते वाक्य वाचल्यापासून मला स्वस्थता नाही.

नोकरीतली माझी सगळी वर्षे माणसांची निवड करण्यात गेली. त्या काळात मी एकच गोष्ट धरून ठेवली आणि ती सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढे ती पुन्हा पुन्हा सांगणार आहे. माणसाने केलेले काम आधी पाहावे. तो स्वतःविषयी काय म्हणतो ते नंतर. दुसऱ्याला पारखताना हे लागू आहेच, स्वतःला पारखताना तर अधिकच लागू आहे.

ही अक्षरे येतात कुठून ते तुला ठाऊक असायला हवे. कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञाचा मानसिक प्रकारांवरचा जर्मन ग्रंथ १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९२३ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर आले. अमेरिकेतल्या कॅथरिन ब्रिग्ज तोवर माणसांच्या प्रकारांची स्वतःची मांडणी करीत होत्या. युंगची मांडणी त्यांना अधिक समर्थ वाटली आणि त्यांनी ती उचलली. त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स हिने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यावरून प्रश्नावली तयार करायला घेतली. तीच पुढे ‘मायर्स-ब्रिग्ज’ चाचणी म्हणून ओळखली गेली. दोघींनीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. हे मी त्यांना कमी लेखण्यासाठी सांगत नाही. युद्धाच्या दिवसांत कारखान्यांत आणि कचेऱ्यांत नव्याने कामाला लागणाऱ्या बायकांना आपल्याला मानवेल असे काम सापडावे, हा इझाबेलचा हेतू होता आणि मला तो आजही आदरणीय वाटतो. युंगच्या मांडणीतून निघालेल्या तीन जोड्यांना (अंतर्मुख ‘आय’ की बहिर्मुख ‘ई’, तपशिलावर भर ‘एस’ की अंतःप्रेरणेवर ‘एन’, निर्णय विचाराने ‘टी’ की भावनेने ‘एफ’) मायलेकींनी चौथी जोडी (आखून वागणे ‘जे’ की मोकळे ठेवणे ‘पी’) जोडली, प्रत्येक जोडीतले एकेक अक्षर घेऊन त्यातून सोळा प्रकार झाले, आणि १९६२ मध्ये एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेने चाचणीची नियमपुस्तिका प्रसिद्ध केली. माणसांवर चिठ्ठ्या डकवण्यासाठी आपली मांडणी वापरली जावी, हे युंगला स्वतःला मान्य नव्हते.

आता तुझी अक्षरे का बदलली ते पाहू. या चाचणीच्या ‘फॉर्म एम’ नावाच्या आवृत्तीत ९३ प्रश्न आहेत आणि त्यांतले २१ अंतर्मुख-बहिर्मुख या जोडीचे आहेत. हाताने गुण मोजायची प्रत समोर आहे असे धर. तुझी ११ उत्तरे अंतर्मुखतेकडे गेली आणि १० बहिर्मुखतेकडे, तर तुझ्या नावापुढे ‘आय’ लागतो. जिची एकवीसच्या एकवीस उत्तरे अंतर्मुखतेची आहेत तिच्या नावापुढेही तोच ‘आय’ लागतो. आणि जिची १० उत्तरे अंतर्मुखतेची व ११ बहिर्मुखतेची आहेत ती तुझ्यापासून अवघ्या एका उत्तराच्या अंतरावर असूनही पलीकडच्या गटात जाऊन बसते. पुष्कळ लोकांच्या गुणांचा आलेख काढला तर दोन टोकांना दोन ढीग दिसत नाहीत. बहुतेक माणसे मधल्या भागातच दाटलेली असतात. उंचीचेही तसेच असते. म्हणून काही आपण मधोमध रेघ मारून रेघेवरच्या सगळ्यांना उंच आणि खालच्या सगळ्यांना बुटके म्हणत नाही. डेव्हिड पिटेंजर यांनी १९९३ मध्ये या चाचणीविषयीच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा पाच आठवड्यांच्या अंतरानेही निम्म्यापर्यंत लोकांचे निदान एक अक्षर बदलू शकते, असे त्यांनी दाखवून दिले होते. तू तर सहा महिने जाऊ दिलेस, आणि तू दिलेली फुकटातली चाचणी मूळ चाचणीही नव्हे, तिच्या धर्तीवर बेतलेली आहे. तेव्हा ‘एफ’चा ‘टी’ आणि ‘पी’चा ‘जे’ झाला म्हणून तुझ्या आत काही दुभंगले आहे असे समजू नकोस. रेघेच्या जवळ उभी असलेली एक मुलगी इकडची तिकडे झाली, इतकेच घडले आहे.

वर्णन मात्र तंतोतंत जुळते, असे तू दोन्ही निकालांविषयी लिहितेस. दोन वेगवेगळी वर्णने तंतोतंत जुळतात, याचेच तुला नवल कसे वाटले नाही? बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांकडून एक चाचणी भरून घेतली आणि प्रत्येकाला त्याचे म्हणून एक व्यक्तिचित्र दिले. ते किती जुळते ते पाचपैकी गुण देऊन सांगा म्हटल्यावर सरासरी ४.२६ आली. सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता आणि त्यातला बराचसा भविष्याच्या एका स्वस्त पुस्तकातून घेतलेला होता. ‘वरून शिस्तबद्ध, आतून साशंक’ अशा थाटाचे वाक्य कोणाला लागू पडत नाही?

व्यक्तिमत्त्व मोजताच येत नाही, असे माझे म्हणणे नाही. रॉबर्ट मॅक्रे आणि पॉल कोस्टा या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये ही चार अक्षरांची चाचणी पाच घटकांच्या प्रतिमानाशी, म्हणजे व्यक्तिमत्त्व पाच गुणांच्या कमीअधिक प्रमाणाने मोजणाऱ्या मांडणीशी, ताडून पाहिली. तिच्या चारही मोजपट्ट्या त्या पाचांपैकी चार घटकांशी बऱ्यापैकी जुळल्या. पण माणसे दोन वेगळ्या गटांत विभागलेली असतात याला काही आधार मिळाला नाही, आणि भावनिक अस्थिरता हा पाचवा घटक तर त्या चाचणीत नाहीच. अंतर्मुखता खरी आहे. ती कमीअधिक प्रमाणात असते, इकडे किंवा तिकडे अशी नसते. पण हे मोजमाप कितीही शास्त्रशुद्ध असले तरी एक गोष्ट सुटत नाही. ‘अनोळखी लोकांत मी पटकन मिसळते’ या विधानापुढे तू ‘नाही’वर खूण करतेस, आणि निकाल तुला सांगतो की अनोळखी लोकांत मिसळायला तुला वेळ लागतो. हे तुझेच म्हणणे आहे. सुबक करून, शीर्षक देऊन तुझ्याच हाती परत आले आहे. त्याने तुला विचार करायला एखादा शब्द दिला असेल तर तो जरूर घे. पण तुला काय जमेल आणि काय जमणार नाही, याची साक्ष त्यात नाही. ती साक्ष तुझ्या कामात आहे.

आणि ते काम तुझ्याच पत्रात आहे, इतर मजकुरात दबून गेलेले. नव्याने आलेल्या दोघांना तू महिनाभर बरोबर घेऊन तयार केलेस. रजेवर जाण्यापूर्वी प्रत्येक अर्धवट कामापुढे कोणाला काय विचारायचे याची टिपणे लिहून ठेवलीस आणि तुझ्या गैरहजेरीत कोणाला एकदाही फोन करावा लागला नाही. दोन सहकाऱ्यांचे बोलणे बंद होते, तेव्हा तू दोघांशी वेगवेगळे बोललीस आणि कामाची वाटणी नव्याने लावून दिलीस. गटप्रमुख याहून निराळे काय करतो? बैठकीत सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने बोलणे म्हणजे नेतृत्व, अशी तुझी समजूत आहे का? ती तुझी असेल असे मला वाटत नाही. चार अक्षरांनी ती तुझ्या गळी उतरवली आहे. दिवसभर माणसांत राहून तू थकशील, हे खरे असेल. थकवा येतो म्हणून संध्याकाळचा तास मोकळा राखावा, हा त्यातून निघणारा निष्कर्ष झाला. जबाबदारी नाकारावी हा निष्कर्ष त्यातून कसा निघतो, ते मला समजावून सांग. मला ते समजत नाही आणि तुलाही नीट सांगता येणार नाही.

आता कंपनीच्या प्रश्नावलीकडे वळते. ‘मायर्स-ब्रिग्ज’ चाचणीचा सांभाळ करणारी प्रतिष्ठान संस्थाच सांगते की नोकरीसाठी माणसे निवडायला किंवा गाळायला ही चाचणी वापरणे अनैतिक आहे. कारण उघड आहे: चाचणी पसंती विचारते, कुवत नाही. शिवाय नोकरी हवी असलेला माणूस कोणते उत्तर बरे दिसेल ते ओळखू शकतो. इतर व्यक्तिमत्त्व चाचण्यांची गोष्ट थोडी बरी आहे, पण थोडीच. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडपद्धतींवरच्या आधीच्या संशोधनाचा नव्याने हिशेब मांडला. पुढे प्रत्यक्ष काम कसे होते त्याच्याशी सगळ्यांना एकच ठरावीक प्रश्न विचारणाऱ्या आखीव मुलाखतीचा सहसंबंध (शून्य म्हणजे काही नाते नाही, एक म्हणजे पूर्ण नाते) सुमारे ०.४२ निघाला, काम करून दाखवण्याच्या चाचणीचा ०.३३ च्या आसपास, आणि पाच घटकांपैकी निवडीत सर्वाधिक उपयोगी मानल्या जाणाऱ्या कर्तव्यदक्षतेचा सुमारे ०.१९. या शेवटच्या आकड्याचा वर्ग केला तर माणसामाणसांच्या कामातल्या फरकापैकी चार टक्केही त्यातून उलगडत नाहीत. काम पाहा, असे मी म्हणते ते केवळ माझ्या स्वभावातून आलेले नाही.

मी नोकरीत असताना एका संस्थेत तक्रार विभागासाठी माणूस निवडायचा होता. उमेदवारांना पत्रांचा एक गठ्ठा देऊन ती लावायला आणि उत्तरे लिहायला सांगितले होते. त्या गठ्ठ्यात एकाच बाईंची दोन पत्रे होती. दुसऱ्यात त्यांनी लिहिले होते की पहिल्याला उत्तर आले नाही. ती दोन्ही पत्रे एकत्र टाचून, सगळ्यांच्या आधी त्यांना उत्तर लिहिणारा उमेदवार एकच निघाला. अक्षर बारीक, भाषा साधी, आणि उत्तरात विलंबाबद्दल दिलगिरी पहिल्याच ओळीत. मुलाखतीत तो फार बोलला नाही. बाहेरच्या सल्लागारांनी भरून घेतलेल्या प्रश्नावलीचा अहवाल त्याच्या फाइलवर वरच लावलेला होता: चार अक्षरे, आणि खाली शेरा की लोकांशी संबंध येणाऱ्या कामास प्रकृती अनुकूल नाही. समितीने दुसऱ्याला घेतले. मी तो टाचलेला कागद सगळ्यांपुढे ठेवला, वाद घातला, आणि शेवटी माझा विरोध इतिवृत्तात नोंदवायला लावला. तो नोंदवला गेला आणि निर्णय कायम राहिला. त्या मुलाला गेलेल्या पत्रात प्रकृतीविषयीचा तो शेरा जसाच्या तसा उतरवला होता, याचे दुःख मला आजही आहे. लोकांशी वागणे आपल्याला जमत नाही, असे तो कुठल्यातरी कागदाच्या भरवशावर मानत असेल. तुझे पत्र वाचताना मला त्याचीच आठवण झाली.

त्यानंतर माझ्या अखत्यारीतल्या कोणत्याही निवडीत, प्रत्यक्ष कामाच्या चाचणीचे गुण लिहून सह्या झाल्याखेरीज मी प्रकारांचा अहवाल उघडू दिला नाही, आणि पुढे तो मागवणेच बंद केले. त्यावरून मला हट्टी म्हटले गेले, नव्या पद्धतींना विरोध करणारी म्हटले गेले. मी नव्याला विरोध करीत नव्हते. माणूस समोर बसून काम करून दाखवत असताना त्याच्या कामाकडे न पाहता त्याच्या स्वतःविषयीच्या मतांचा गोषवारा वाचत बसणे मला अन्यायाचे वाटत होते, आणि अजूनही वाटते. त्या हट्टापायी एखादी बढती हुकली असेल. मला तो सौदा मान्य आहे.

तर प्रश्नावलीत खरे ते लिही. काही चाचण्यांत एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत विचारून उत्तरांतली विसंगती पकडलेली असते, हे एक कारण. आणि त्यांना कोणते उत्तर हवे आहे याविषयीचा तुझा अंदाज चुकण्याचा संभव मोठा, हे दुसरे. पाठवण्याआधी मात्र त्यांना नम्रपणे लिहून विचार की चाचणी कोणती आहे, तिचा उपयोग निवडीसाठी होणार आहे की नंतरच्या प्रशिक्षणासाठी, निकाल कोण पाहणार, आणि तो तुलाही मिळणार का. हे विचारणे उद्धटपणाचे नाही. त्याच पत्रात, या पदावरच्या कामाचा एखादा नमुना करून दाखवायची तुझी तयारी आहे, असेही कळव. त्यांनी दुर्लक्ष केले तर मुलाखतीला जाताना ती रजेच्या वेळची टिपणे बरोबर ने. त्यांत कार्यालयाची गोपनीय माहिती असेल तेवढी आधी गाळून टाक.

गटप्रमुखपदाचा नकार अजून लेखी दिलेला नसेल तर देऊ नकोस. सहा महिन्यांसाठी तात्पुरते घेते, असे वरिष्ठांना सांग. दर आठवड्याच्या शेवटी त्या आठवड्यात काय केलेस ते वहीत लिहीत जा. कसे वाटले ते लिहू नकोस, काय केलेस तेच लिही. पहिल्या महिन्याची पाने मला पाठव.

तुझी,
एक ज्येष्ठ स्नेही