३६०० ची नवी रॅम टाकल्यापासून गेम मध्येच बंद पडतात. बायोसमध्ये काय बदलू?

आधी बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला पाकिटावरच्या वेगाने चालवणारे सेटिंग, बंद करा आणि तोच गेम तासभर खेळून बघा. डीडीआर४ (तुमच्या रॅमचा प्रकार) चा प्रमाणित वेग ३२०० पर्यंत आणि व्होल्टेज १.२ असते, पाकिटावरचे ३६०० म्हणजे एक्सएमपीने, बहुधा १.३५ व्होल्टवर, केलेले ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रमाणित वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे. ते रॅमला झेपले तरी प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला (रॅम हाताळणाऱ्या भागाला) झेपेलच असे नाही, त्यातून चारही स्लॉट भरलेले असतील तर आणखीच कठीण. ब्राउझर वापरताना रॅमवर एवढा ताण पडत नाही, म्हणून एरवी सगळे ठीक वाटते. गेम टिकला, तर एक्सएमपी परत चालू करून फक्त वेग ३२०० वर आणा, टायमिंगला (रॅमच्या प्रतिसादाच्या वेळेच्या आकड्यांना) हात लावू नका. (खेळताना हा फरक बहुतेकांना कळतही नाही.) दोनच स्टिक असतील तर बहुतेक चार स्लॉटच्या मदरबोर्डवर त्या प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात, तेही तपासा. मात्र एक्सएमपी बंद असतानाही मेमटेस्ट८६ मध्ये (रॅम तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये) एरर आल्या, तर सेटिंग बदलत बसू नका. एकेक स्टिक वेगळी तपासून खराब निघेल ती वॉरंटीत बदलून घ्या.