पडीत जाळून कुसळ जाईल का?

प्रश्न : कारंजा (घाडगे) भागात आमची तीन एकर मुरमाड पडीत आहे. आठ गवळाऊ ढोरं तिच्यावरच चरतात. पावसात कोवळं फुटावं म्हणून दर एप्रिलात ती जाळतो. पण आता जिकडंतिकडं कुसळ गवतच झालं. दिवाळीनंतर ढोरं तोंड लावत नाहीत, वासराच्या हिरडीत कुसळं रुततात. यंदा सगळं नांगरून नवं गवत पेरू का?

उत्तर : भाऊ, नांगर घालू नका, अन् काडीपेटीही घरीच ठेवा.

कुसळाचं पिकलेलं बी ओल्या तळहातावर ठेवून पाहा. शेपटीला पीळ असतो. ओल लागली की उलगडतो, वाळला की पुन्हा वळतो, अन् टोकदार बी गिरमिटासारखं मातीत शिरतं. तुम्ही जाळता तेव्हा ते खाली सुखरूप असतं. वरवर पडलेलं बाकी गवतांचं बी भाजून निघतं. मग जे कोवळं फुटतं त्यावर लगेच ढोरं सुटतात, अन् ती गोड गवत आधी वेचून खातात. कुसळ मागं राहतं. म्हणजे कुसळाची शेती तुम्हीच करताय!

कुसळाचा काटा काढायचा तर विळ्यानं. पोळ्याच्या सुमारास ते निसवायला (तुरे बाहेर पडायला) लागलं की कापा. तेव्हा काडी मऊ असते, ढोरं खातात. कुसळं पिकल्यावर कापलेलं छपरालाच कामी येतं.

नांगरल्यानं उतारावरची चार बोटं माती पहिल्या जोरदार पावसात नाल्यात जाईल, अन् मोकळ्या जागेत तरोटा माजेल. (कोवळ्या तरोट्याची भाजी छान होते, पण तीन एकर भाजी खाणार कोण? फुलावर येण्याआधी उपटा.)

पेरायचं ते फक्त टक्कल पडलेल्या जागी. वरच्या मुरमावर पवन्या गवत, नाल्याकडच्या भारी जमिनीत मारवेल गवत. पवन्याचं बी धुऱ्यावरून, रस्त्याच्या कडेनं दिवाळीच्या आगेमागे वेचा अन् पोत्यात कोरडं ठेवा. ताजं बी नीट उगवत नाही, उन्हाळा खाल्लेलं उगवतं. ते हलकं, केसाळ असतं, वाऱ्यानं उडतं. म्हणून माती, शेण अन् रेती कालवून त्यात घोळा, गोळ्या सावलीत सुकवा. मृगाच्या सुमारास उताराला आडव्या उथळ रेषा ओढून टाका. वर मातीचा पातळ हात पुरे. खोल गेलं तर वर येत नाही. मारवेलचं बी शोधत बसू नका, जुलैत मुळासकट ठोंब आणून हातभर अंतरावर लावा.

खरी गोष्ट पुढची. पेरलेला तुकडा पहिल्या वर्षी बोरीच्या काट्यांनी बंद. बी झडल्यावर, दिवाळीनंतर, कापून आणा, पण ढोरं आत नकोत. दुसऱ्या वर्षी पडीतीचे तीन तुकडे पाडा, एकात चारा, दोन विसावू द्या. गवत चार बोटं राहिलं की ढोरं बाहेर.

अन् एक कडू सांगतो. तीन एकर मुरमावर आठ ढोरं वर्षभर जगत नाहीत. सोयाबीनचं, तुरीचं कुटार, ज्वारीचा कडबा घरचा नसेल तर दोन भाकड आधी कमी करा, मग बियाण्याचं पाहू. गावचा गायकी (गुराखी) बाकीचा कळप तुमच्या पडीतीतून नेत असेल तर त्याच्याशीही आत्ताच बोला, मृगानंतर तो ऐकत नाही.