वर्डवर अचानक ‘अनलायसन्स्ड प्रॉडक्ट’ दिसलं तर

ही सूचना म्हणजे वर्डला तुमचं लायसन्स, म्हणजे वापरायचा परवाना, सापडत नाहीये. आधी एक करा: ऑफिस काढून पुन्हा टाकायची घाई करू नका. फायली कुठे जात नाहीत. उघडतात, प्रिंटही निघते, फक्त बदल करता येत नाहीत.

वर्ड उघडून ‘फाइल’मधल्या ‘अकाउंट’वर जा. तिथे प्रॉडक्टचं नाव आणि कोणत्या ईमेलने साइन-इन आहे ते दिसतं. निम्म्याहून जास्त घोळ इथेच सापडतो, असं माझं मत. लायसन्स घरच्या ईमेलवर आणि साइन-इन कंपनीच्या, हा नेहमीचा प्रकार. दुसरा प्रकार नव्या लॅपटॉपचा: त्यात आधीच मायक्रोसॉफ्ट ३६५ ची (वर्गणी भरून वापरायच्या ऑफिसची) ट्रायल असते, तुम्ही वर वेगळं ऑफिस विकत घेऊन टाकता, ट्रायल संपते आणि सूचना तिचीच येत राहते. अशा वेळी विंडोजच्या सेटिंग्जमधल्या ‘अ‍ॅप्स’च्या यादीत दोन ऑफिस दिसतात का बघा, ट्रायलवालं काढा.

मायक्रोसॉफ्ट ३६५ ला ३१ दिवसांतून एकदा तरी इंटरनेट लागतं, नाहीतर ते स्वतःच कुलूप लावतं. कॉम्प्युटरची तारीख-वेळही तपासा.

कंपनीचा लॅपटॉप असेल तर सरळ आयटीवाल्यांना सांगा. आणि यूट्यूबवरचे ‘अ‍ॅक्टिव्हेटर’, म्हणजे लायसन्सशिवाय ऑफिस चालू करून देणारे प्रोग्रॅम? हातही लावू नका, त्यांच्यासोबत व्हायरस येऊ शकतात.